गुणांसाठी सेवा की सेवेचा गुण?

महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपल्याहून लहान अशा शाळकरी मुलांना सोबत घ्यावे, त्यांच्यासह एखादे सेवाकार्य उभे करावे आणि त्या कामातून दोन्ही पिढ्यांनी काही शिकावे, ही कल्पना कोणालाही चटकन पटण्यासारखी आहे. अलीकडे तिला शिक्षणव्यवस्थेचेही अधिकृत पाठबळ मिळाले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांनी पदवी अभ्यासक्रमांची जी नवी रचना स्वीकारली, तीत क्षेत्रीय प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग यांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. सहावी ते आठवीच्या दरम्यान मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षण व्हावे, असे हेच धोरण सांगते. म्हणजे एकीकडे प्रकल्पासाठी विषय आणि गाव शोधणारा महाविद्यालयीन विद्यार्थी आहे आणि दुसरीकडे त्या दहा दिवसांचे काय करायचे, या विवंचनेतली शाळा आहे. या दोघांची गाठ पडणे स्वाभाविकच होते. परंतु ज्या क्षणी सेवेला श्रेयांक चिकटतात, त्या क्षणी एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. मुले सेवा करायला शिकतात, की सेवा केल्याचा पुरावा जमवायला?

या प्रश्नाचे उत्तर शहरातल्या सभागृहात बसून मिळणार नाही. त्यासाठी एखादे गाव डोळ्यांसमोर ठेवावे लागेल. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे असे गाव आहे. महाराष्ट्राचा किनारा येथे संपतो. पुढे तेरेखोलची खाडी आणि गोव्याची हद्द. गावात यशवंतगड आहे, १९७६ मध्ये खाणीच्या परिसरात सापडलेल्या द्विभुज गणपतीचे प्रसिद्ध देवस्थान आहे, लोहखनिजाच्या खाणी आहेत, खनिजाची निर्यात करणारे बंदर आहे आणि लांबच लांब पुळण आहे. मुंबईला गेलेला चाकरमानी आणि रोज हद्द ओलांडून गोव्यात नोकरीला जाणारा तरुण, दोघेही या पट्ट्यात घरोघरी आढळतात. थोडक्यात, निसर्ग, उद्योग, श्रद्धा, पर्यटन आणि स्थलांतर हे कोकणाचे सगळे विषय एकाच ग्रामपंचायतीच्या हद्दीत पाहायला मिळतात. वेंगुर्ले वा सावंतवाडीच्या एखाद्या महाविद्यालयाने येथील शाळकरी मुलांना घेऊन सेवाप्रकल्प करायचा ठरवले, तर तो कसा असावा आणि कसा नसावा, याचा विचार म्हणूनच साऱ्या राज्याला उपयोगी पडेल.

परंपरा परकी नाही

मुलांना सेवाकार्यात ओढण्याची कल्पना बाहेरून आलेली आहे, असा एक समज असतो. तो खरा नाही. रेडीला लागूनच असलेल्या शिरोड्याचा इतिहासच पाहावा. १९२० मध्ये अवघ्या बावीस वर्षांचे वि. स. खांडेकर या खेड्यातल्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिले. पुढे ज्ञानपीठ पुरस्कारापर्यंत पोहोचलेल्या या लेखकाने आपल्या उमेदीची अठरा वर्षे एका आडगावच्या मुलांना दिली. याच शिरोड्यात मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन त्या सत्याग्रहाच्या अग्रभागी होते. तुरुंगात असताना त्यांनी सफाईचे काम आपणहून मागितले, ते नाकारले गेले तेव्हा उपोषण केले आणि १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारून मैलासफाई, खत आणि शेती यांची सांगड घातली. सफाई हे एका जातीचे काम नव्हे, हे त्यांनी स्वतः ते काम करून दाखवले.

उर्वरित महाराष्ट्रातही ही परंपरा ठळक आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा जमवून पैसाफंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना सुरू झाला. रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' ही पद्धत रुजवली. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांची कामे स्वतः करत आणि न बोलता संस्कार करत. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर थोडी मोठी मुले थोड्या लहान मुलांना खेळ, गाणी आणि श्रमदान शिकवू लागली. बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीने हजारो तरुणांच्या हातात कुदळ-फावडे दिले. स्काउट-गाइडच्या 'खरी कमाई'ने मुलांना शेजाऱ्यापाजाऱ्यांची लहानसहान कामे करून चार पैसे मिळवायला आणि ते सत्कार्याला द्यायला शिकवले. सात डिसेंबरच्या ध्वजदिनाचे छोटे निशाण छातीवर लावून घरी आलेले मूल हे कित्येक शहरी घरांतले परिचित चित्र होते.

या साऱ्यांत एक समान धागा दिसतो. काम आधी होते आणि मुले त्या कामात सामील होत. मुलांना काहीतरी काम हवे म्हणून काम शोधले जात नव्हते. नंतरच्या काळात नेमकी ही दिशा उलटली.

योजना झाली, तासिका झाली

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर कार्यानुभव आणि समाजसेवा असावी, अशी शिफारस केली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा सांगाडा ठरला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने शाळांसाठी 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' सुचवले.

कागदावर या शिफारशी दूरदृष्टीच्या होत्या. प्रत्यक्षात शाळांतल्या कार्यानुभवाचे काय झाले, हे पालकांच्या दोन पिढ्या जाणतात. कागदी फुले आणि पायपुसणी आईने रात्री जागून करायची आणि मुलाने सकाळी शाळेत जमा करायची, अशी ती तासिका झाली. राष्ट्रीय सेवा योजनेने अनेकांचे आयुष्य घडवले, यात वाद नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपापासून सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुरापर्यंत प्रत्येक आपत्तीत विद्यार्थी स्वयंसेवक धावून गेले. तथापि शिबिरातला रस्ता पुढच्या पावसात वाहून जाणे आणि दत्तक गावाला आपण दत्तक गेल्याचा पत्ताही नसणे, हेही अनेक ठिकाणी घडले. एकच फरक यशस्वी आणि अयशस्वी शिबिरांना वेगळे करतो. जेथे गावाने काम सांगितले तेथे ते टिकले. जेथे महाविद्यालयाने काम ठरवून आणले तेथे ते शिबिराबरोबर संपले.

आता श्रेयांकांच्या निमित्ताने हीच परीक्षा पुन्हा होऊ घातली आहे. सत्र साधारण चार महिन्यांचे. त्यात विषय निवडायचा, मार्गदर्शकाची संमती घ्यायची, शाळेला पत्र द्यायचे, काम करायचे, छायाचित्रे काढायची, अहवाल बांधायचा आणि तोंडी परीक्षा द्यायची. या घाईत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत देखणा मार्ग निवडला जाण्याची शक्यता दाट असते. वीस मुलांना एका दिवशी किनाऱ्यावर न्यावे, हातमोजे आणि टोप्या द्याव्यात, फलक धरून छायाचित्र घ्यावे, प्रमाणपत्रे वाटावीत आणि परतावे. अहवाल भरतो, श्रेयांक मिळतात. पुळणीवर मात्र पुढच्याच भरतीला नवा कचरा येतो.

मूल उपजत मदतनीस असते

लहान मुलांना सेवेची गोडी लावावी लागते, हे गृहीतकही तपासून पाहण्यासारखे आहे. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधक फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या दृष्टीने बोलके आहेत. अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडली आणि ती उचलायला त्याचा हात पोहोचत नसला, तर अठरा महिन्यांची मुले कोणी न सांगता ती उचलून देत. दोन वर्षांनी याच संशोधकांनी वीस महिन्यांच्या मुलांवर दुसरा प्रयोग केला. ज्या मुलांना मदतीबद्दल खेळणे बक्षीस दिले गेले, ती नंतर बक्षीस नसताना मदतीला कमी वेळा पुढे आली. ज्यांना काहीच दिले नव्हते किंवा केवळ शाबासकी मिळाली होती, त्यांचा उत्साह टिकून राहिला.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत तर याहून जुना दाखला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग झाला. चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना, चित्र काढल्यास सोनेरी शिक्का आणि फीत असलेले प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधी सांगण्यात आले. ते त्यांना दिलेही गेले. काही दिवसांनी ती मुले मोकळ्या वेळात चित्रांकडे वळेनाशी झाली; बक्षिसाची कल्पना न दिलेल्या मुलांच्या तुलनेत त्यांनी साधारण निम्माच वेळ चित्रांना दिला. जे आनंदासाठी होत होते, ते मोबदल्याचे काम होऊन बसले.

हे प्रयोग लहान गटांवरचे आणि परक्या देशांतले आहेत, त्यामुळे त्यातून एकदम मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे खरे. परंतु आपल्या शाळांतील अनुभवाशी ते मिळतेजुळते आहेत, हेही तितकेच खरे. स्पर्धा, पदक आणि प्रशस्तिपत्र यांच्याशिवाय मुले हलत नाहीत, अशी तक्रार जे करतात, त्यांनीच बहुधा ती सवय लावलेली असते.

मग विद्यार्थ्यांनी लहान मुलांना सामील करून घेण्यात विशेष ते काय? विशेष आहे ते वयातील अंतराचे. शिक्षक आणि पालक सांगतात तो उपदेश असतो. पाच-सात वर्षांनी मोठा दादा किंवा ताई करते ते अनुकरणीय असते. लंडनच्या दोन नामवंत संस्थांमधील डेव्हिड मोर्ले आणि ह्यू हॉज यांनी १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या निमित्ताने 'मुलांकडून मुलांकडे' ही आरोग्यशिक्षणाची पद्धत मांडली, ती याच निरीक्षणावर. गरीब देशांत धाकट्या भावंडांना थोरली भावंडेच सांभाळतात, तर जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे हे त्या थोरल्यांनाच का शिकवू नये, असा त्यांचा साधा विचार होता. भारतासह अनेक देशांत तो रुजला. त्यात मुलाला मदतीचा विषय मानले नव्हते, मदतीचा भागीदार मानले होते.

रेडीत काम कोणते?

आता पुन्हा रेडीकडे वळू. येथे सेवेची गरज कोठे आहे? पहिले उत्तर लोकसंख्येच्या आकड्यांत मिळते. २००१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती; २०११ च्या जनगणनेत ती ८ लाख ४९ हजारांवर आली. देशाची आणि राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आकसला. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, हे जिल्ह्याचे प्रमाणही अभिमानाने सांगितले जाते. पण त्यामागे कामासाठी बाहेर पडलेले पुरुष आहेत, हे विसरून चालत नाही. तरुण बाहेर गेले की घरात उरतात ती म्हातारी माणसे. गणपतीला आणि मे महिन्यात घर भरते, एरवी अंगणात पाचोळा पडतो. अशा घरांतील आजी-आजोबांना औषधाच्या वेळा लिहून देणे, दूरध्वनीवरून मुंबईच्या मुलाशी बोलणे करून देणे, बँकेतला संदेश वाचून दाखवणे, फसव्या दूरध्वनींपासून सावध करणे, ही कामे आठवी-नववीतले मूल सहज करू शकते. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने वाड्यांची यादी करावी, आशा स्वयंसेविकेकडून गरज समजून घ्यावी आणि दोन-दोन मुलांच्या जोड्यांना दोन घरे नेमून द्यावीत. यात छायाचित्राला फारसा वाव नाही. कदाचित हाच या कामाचा मोठा गुण आहे.

दुसरे काम किनाऱ्याचे. ग्रामीण स्वच्छतेच्या २०१६ च्या सर्वेक्षणात सपाटीवरील जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्ग देशात पहिला आला. वेंगुर्ले नगरपरिषदेने कचऱ्याचे बारीक वर्गीकरण करून कचराभूमीचे रूप पालटले आणि ती पाहायला राज्यभरातून लोक आले. त्यामुळे स्वच्छतेचे महत्त्व येथे कोणाला पटवून द्यायला नको. मात्र पावसाळ्यानंतर समुद्र जो कचरा परत करतो, तो केवळ उचलून संपत नाही. त्याची मोजदाद हवी. १९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावरून सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहिमेचे वेगळेपण हेच होते. स्वयंसेवकांनी कचरा उचलला आणि प्रत्येक वस्तूची नोंदही केली. किती बाटल्या, किती पिशव्या, किती जाळ्यांचे तुकडे, किती थर्मोकोल, हे लिहिले गेले म्हणून पुढे धोरणांवर बोलता आले. रेडीच्या मुलांनी दर महिन्याच्या एका ठरावीक दिवशी पुळणीचा शंभर मीटरचा एकच पट्टा मोजला, तर वर्षाअखेरीस ग्रामपंचायतीपुढे ठेवायला आकडे असतील. महाराष्ट्रात २०१८ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. ती किनाऱ्यावर किती उतरली आहे, हे सांगणारा पुरावा आठवीतल्या मुलांच्या वहीत तयार होईल. ही सेवाही आहे आणि विज्ञानही.

तिसरे काम वाचनाचे. वाड्या विखुरलेल्या आणि पटसंख्या घटलेली, ही कोकणातील प्राथमिक शाळांची सार्वत्रिक स्थिती आहे. जेथे एका खोलीत तीन इयत्ता बसतात, तेथे सातवीच्या मुलीने दुसरीच्या मुलाला रोज पंधरा मिनिटे गोष्ट वाचून दाखवणे याचे मोल मोठे आहे. यासाठी ना निधी लागतो ना मोटार. पुस्तकांची एक पेटी आणि कोणी कोणाला वाचून दाखवले याची एक नोंदवही पुरते.

कोकणात अशा चिकाटीचे उदाहरण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने आणि ग्रामस्थांच्या सहभागाने सागरी कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू झाले आणि पुढे किनाऱ्यावरच्या अनेक गावांनी ते उचलले. वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणीही त्यात आहे. कासवाचे पिल्लू घरट्यातून बाहेर पडायला साधारण पन्नास दिवस लागतात. त्या काळात रोज पहाटे किनारा चालावा लागतो. कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा या पन्नास पहाटा अधिक शिकवतात.

धोक्याच्या चार जागा

अशा कामांत मुलांना घ्यायचे, तर चार गोष्टींचे भान हवे. पहिली सुरक्षेची. रेडीचा समुद्र, खाडीचे तोंड आणि खाणकामाने पडलेले खोल खड्डे या तिन्ही जागा मुलांसाठी धोक्याच्या आहेत. किनाऱ्यावरच्या कचऱ्यात काच, सुया आणि रसायनांचे डबे असतात. मुले किती, त्यांच्यासोबत जबाबदार प्रौढ किती, भरतीची वेळ कोणती, जवळचे आरोग्य केंद्र किती अंतरावर, हे लेखी ठरल्याशिवाय एकही मूल पुळणीवर जाऊ नये. परक्या घरात मूल एकटे जाऊ नये, हा नियमही तितकाच कठोर हवा. अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यावर ही जबाबदारी एकट्याने टाकणे अन्यायाचे आहे. ती महाविद्यालय आणि शाळा यांनी संयुक्तपणे घेतली पाहिजे.

दुसरी जागा पैशाची. सेवाकार्य म्हटले की निधिसंकलन आलेच, असे आपल्या शाळांनी ठरवून टाकले आहे. मुलाच्या हातात देणगीचे कार्ड द्यायचे, त्याने नातेवाइकांकडून रक्कम आणायची आणि सर्वाधिक रक्कम आणणाऱ्याचा सत्कार करायचा, ही पद्धत शहरांत रूढ झाली. यात सत्कार होतो तो वडिलांच्या ऐपतीचा. ज्याच्या घरी द्यायला काही नाही, ते मूल वर्गात मान खाली घालून बसते. सेवेच्या पहिल्याच धड्यात मुलाला आपली गरिबी कळावी, यापेक्षा विपरीत काय असू शकते? त्याऐवजी वर्गाची एकच पेटी ठेवावी, कोणी किती टाकले हे कोणालाही कळू नये आणि जमलेल्या पैशाचा हिशेब मुलांनीच फळ्यावर लिहावा. फटाक्यांचे पैसे वाचवून पुस्तकांना वा गरजूंना देण्याचे जे संकल्प महाराष्ट्रातील अनेक शाळांत झाले, त्यांची ताकद यातच होती. मूल आपल्या हक्काचे काही सोडत होते. शिवाय सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, हे गणेशोत्सव मंडळांना ठाऊक असलेले तत्त्व विद्यार्थ्यांनाही शिकवायला हवे. पैशाचा हिशेब देणे हाही सेवेचाच भाग आहे.

तिसरी जागा सन्मानाची. ज्याला मदत करायची, त्याचे छायाचित्र काढून ते भ्रमणध्वनीवर फिरवणे ही आता सहजक्रिया झाली आहे. वृद्धेच्या हातात फळांची पिशवी देताना चार मुले कॅमेऱ्याकडे पाहून हसत असतील, तर त्या वृद्धेला काय मिळाले आणि मुलांनी काय घेतले, याचा हिशेब मांडावा लागेल. घेणाऱ्यालाही देण्याजोगे काही असते, हे मुलांना दिसले पाहिजे. ज्या आजीकडे मुले जातील, तिच्याकडून त्यांनी मालवणी म्हणी, जुन्या पाककृती, मिठागरांच्या आठवणी लिहून आणल्या, तर ते नाते बरोबरीचे होईल.

चौथी जागा सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. स्वच्छतेचे काम आपल्या समाजात जातीशी बांधलेले राहिले आहे. शाळेत झाडू कोणाच्या हातात दिला जातो आणि वही कोणाच्या, नोंदी कोण करतो आणि गोणी कोण उचलतो, याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. अप्पासाहेब पटवर्धनांच्या जिल्ह्यात तरी ही वाटणी चिठ्ठ्या टाकून आणि पाळीपाळीने व्हावी. श्रमाची प्रतिष्ठा भाषणात सांगून येत नाही. मुख्याध्यापकांनी गोणी उचलली की ती येते. त्याचप्रमाणे सेवेच्या नावाखाली शाळेची नित्याची साफसफाई मुलांकडून करून घेतली जात असेल, तर ती सेवा नसून बचत आहे, हेही स्पष्ट बोलले गेले पाहिजे.

सक्तीने काय साधते?

सेवा सक्तीची करावी का, हा वाद जगभर झाला आहे. अमेरिकेच्या मेरीलँड राज्याने १९९२ मध्ये शालान्त उत्तीर्णतेसाठी सेवा अनिवार्य केली. तेथे ७५ तासांची अट आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १९९९ पासून ४० तासांची अट आली. सिंगापूरने १९९७ मध्ये शाळांत समाजसहभागाचा कार्यक्रम आणला आणि २०१२ मध्ये तासांच्या मोजणीपेक्षा मूल्यांवर भर देणारे त्याचे नवे रूप स्वीकारले. ब्रिटनने २०११ मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय नागरिक सेवेचा ऐच्छिक कार्यक्रम सुरू केला. त्यावर मोठा खर्च झाला आणि २०२५ मध्ये तो बंद करण्यात आला. या अनुभवांचा मथितार्थ असा, की तास सक्तीचे करता येतात, आस्था करता येत नाही. परंतु सक्तीमुळे एक गोष्ट निश्चित घडते. जे मूल एरवी कधीच त्या वाटेला गेले नसते, ते एकदा तरी जाते. तेथे त्याला खरे काम आणि खरी माणसे भेटली, तर सक्तीचा काटा आपोआप बोथट होतो. खोटे काम भेटले, तर सेवा या शब्दाबद्दलच त्याच्या मनात कायमची अढी बसते.

यावर पालकांचा एक आक्षेप असतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. स्पर्धेच्या काळात मुलांचा वेळ असा का घालवायचा? ज्या घरांतली मुले शाळा सुटल्यावर काजू सोलतात, मासळी निवडतात वा धाकट्याला सांभाळतात, त्या घरांना सेवेचे धडे कोणी द्यायचे? हा प्रश्न रेडीत शहरापेक्षा अधिक टोकदार आहे. त्याचे उत्तर नम्रतेनेच द्यावे लागेल. या मुलांना कष्ट शिकवायचे नाहीत. त्यांना ते येतात. त्यांना शिकवायचे आहे ते हे, की घराच्या उंबऱ्याबाहेरचा प्रश्नही आपल्या हाताने थोडा हलवता येतो. ग्रामपंचायतीपुढे आकडे ठेवता येतात, अधिकाऱ्याला पत्र लिहिता येते, उत्तर आले नाही तर पुन्हा लिहिता येते. खाण, बंदर आणि पर्यटन यांचे भवितव्य ज्या गावात सतत चर्चेत असते, तेथे उद्याचा नागरिक घडवण्याची ही तालीम चैनीची म्हणता येणार नाही.

अहवालानंतर काय?

या सर्व चर्चेचा गाभा सातत्याचा आहे. सत्र संपते, दादा-ताई परीक्षेला जातात, पुढे नोकरीला गोव्यात किंवा मुंबईत जातात. मागे राहते ते लहान मूल. ज्याच्याशी गट्टी जमली तो माणूस एके दिवशी यायचा थांबतो, हा अनुभव त्याच्या मनात सेवेपेक्षा खोल उमटतो. आणि ज्या आजीला दर शनिवारी येणाऱ्या मुलांची सवय झाली, तिचे काय?

म्हणून विद्यापीठांनी प्रकल्पाच्या मूल्यमापनाची दिशाच बदलायला हवी. अहवालाची पाने आणि छायाचित्रे यांना गुण देण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. काम गावाने सांगितले होते का? आधीच्या तुकडीने जे सुरू केले, ते या तुकडीने पुढे नेले का? आणि विद्यार्थी निघून गेल्यावर ते काम करणारे कोणी गावात उरले का? एकाच गावात, एकाच शाळेशी किमान तीन वर्षे बांधून घेणाऱ्या महाविद्यालयालाच हे श्रेयांक द्यावेत. नवीन विषयाचा अट्टहास सोडावा. मागच्या वर्षीचीच नोंदवही पुढे चालवणाऱ्या विद्यार्थ्याला नावीन्याच्या नावाखाली कमी गुण पडणार असतील, तर चिकाटी कोण शिकेल? शाळकरी मुलांना प्रमाणपत्रे देऊ नयेत. त्यांना पुढच्या वर्षी अधिक जबाबदारी द्यावी. यंदा मोजणारा पुढच्या वर्षी नोंद लिहील, त्यानंतरच्या वर्षी धाकट्यांना शिकवील. अशी साखळी तयार झाली, तर महाविद्यालयाची गरजच हळूहळू संपेल आणि तेच त्या प्रकल्पाचे यश असेल.

मराठीत 'गुण' या एकाच शब्दाला परीक्षेतले गुण आणि स्वभावातला सद्गुण असे दोन्ही अर्थ आहेत. नव्या शिक्षणरचनेने पहिल्या अर्थाची तरतूद करून ठेवली आहे. दुसरा अर्थ साधायचा की नाही, हे विद्यापीठाच्या परिपत्रकावर ठरणार नाही. ते ठरेल परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, रेडीच्या पुळणीवर वही घेऊन कोणी येते की नाही, यावर.